आमच्या घरचा बोबडकांदा

गोदातीरी:

मंडळी, आमच्या घरात सध्या धड मराठी कुणीच बोलत नाहीये, म्हणून हा धागा.

लेक सव्वादोन वर्षांची आहे. बोलायला लागल्यापासून 'क' आणि 'ग' यांच्याशी तिचं वैर. क चा त, ग चा द, र चा ल आणि स-श समोर आले की त्यांचाही त. हे कोष्टक एकदा डोक्यात बसलं की तिचं बोलणं बिनचूक कळतं, पण बाहेरच्या माणसाला कुठून कळणार? मध्यंतरी पाहुणे आले होते. मी गच्चीवर कपडे काढायला गेलेले. ही त्यांच्यासमोर उभी राहून कळवळून सांगतेय, "तुतल तित्ती! तुतल तित्ती!" पाहुणे "हो का गं बाळा, अरे वा" करत हसतायत. मी खाली येईपर्यंत कुकरच्या इतक्या शिट्ट्या झाल्या होत्या की वरणाचं पिठलं व्हायचं बाकी होतं.

रिक्षा म्हणजे लित्ता. काकडी म्हणजे तातदी. आम्ही राहतो 'दंदापूल लोद'ला. रविवारचा नाश्ता 'मितल', त्यातला रस्सा बाजूला काढून नुसती शेव आणि दही हिच्या वाट्याला. आजोबांचं मात्र 'आबोजा' केलंय, ते कुठल्याच कोष्टकात बसत नाही.

हे आबोजा तिला सुट्टीच्या दिवशी सकाळी गंगेवर नेतात (बाहेरगावच्यांसाठी: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात). रामकुंडापाशी दुतोंड्या मारुती आहे. पावसाळ्यात पाणी त्याच्या कमरेला लागलं की गळ्याला, यावर गावात पुराचा हिशोब चालतो. कन्येला पुराशी देणंघेणं नाही, तिला त्या दोन तोंडांचं फार कौतुक. तिने विचारलं, "आबोजा, मालुती तुतल्या तोंदाने मंमं तलतो?" सासऱ्यांना 'तुतल' म्हणजे कुकर एवढं पाठ झालेलं. ते बराच वेळ तिला समजावत होते की मारुतीच्या घरी कुकर नसतो, त्याला लोक नारळ आणतात. ती आणखी जोरात, "तुतल्याऽ तोंदाने!" शेवटी शेजारी फुलं विकणाऱ्या मावशींनी भाषांतर केलं.

आता मुद्द्याचं. सासूबाई तिच्याशी तिच्याच भाषेत बोलतात. "माज्या तोन्याला ताय पायजे?" माझं म्हणणं, आपण नीट बोलावं, नाहीतर ती कुठून शिकणार? सासूबाईंचं म्हणणं, त्यांची तीन मुलं अशीच वाढली आणि तिघंही आज व्यवस्थित भांडतात. नवरा दोघींचं ऐकून घेतो आणि पेपर उघडतो.

तुमच्याकडचे किस्से टाका. मत असेल तर तेही टाका, पण सासूबाई हा धागा वाचणार आहेत हे लक्षात ठेवून.

निवांत:

तुतल तित्ती! हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आमच्या घरात आजपासून कुकरला हेच नाव.

ओझरकर:

आमच्याकडे अक्षरं सगळी येतात, फक्त रांगेत येत नाहीत. विमानाचं 'मिवान', चप्पलचं 'पच्चल', कॅलेंडरचं 'कॅनेल्डर'. एचएएलच्या विमान कारखान्याजवळ राहतो, त्यामुळे मिवानाला तोटा नाही. सुखोई डोक्यावरून गेलं की चिरंजीव कानावर हात ठेवून आधी ओरडून घेतात आणि मग शांतपणे सांगतात, "मिवान ओरडलं." स्वतः ओरडल्याचा कुठे उल्लेख नाही.

सुधारायच्या फंदात मी पडत नाही. आमच्या कंपनीत निम्मे लोक 'नुसकान' आणि 'मतबल' म्हणतात, पगार पूर्ण घेतात.

काना मात्रा:

कटू वाटेल, पण लिहितो. हे लाड आहेत. मूल चुकीचं बोलतं, आपण हसतो, टाळ्या वाजवतो, पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव बघू" करतो. त्याला वाटतं, असंच बोलायचं असतं. आमच्या नात्यात एक मुलगा दुसरीत आहे आणि अजून 'तालेत' जातो. त्याच्या आईवडिलांनाही ते गोड वाटायचं. आता वर्गातली मुलं त्याला चिडवतात तेव्हा गोड वाटत नाही.

गोदातीरीताई, तुमचं बरोबर आहे. पहिल्या दिवसापासून शुद्ध बोला आणि शुद्धच बोलायला लावा.

पंचवटीची सून:

काना मात्रा, सव्वादोन वर्षांच्या पोरीला "शुद्ध बोल" म्हणायचं? ती 'तुद्ध बोल' म्हणेल आणि तुम्ही आणखी चिडाल. (हलके घ्या.)

आमच्याकडची गंमत वेगळी. मुलगा कार्टून बघून बघून शिकला. काळारामाच्या देवळात सासूबाईंनी हात जोडायला लावले, "म्हण, देवा सगळ्यांना सुखी ठेव." याने हात जोडले, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाला, "लाईक तला, तबत्ताईब तला." गाभाऱ्यासमोरची रांग हसली. सासूबाईंनी घरी आल्यावर मोबाईल कपाटात ठेवला आणि किल्ली पदराला बांधली.

अवांतर: आमच्या आजेसासूबाई म्हणतात, मूल लवकर बोलायला हवं तर पोपटाने उष्टावलेला पेरू खाऊ घाला आणि जिभेवर वेखंड-मध घासा. कुणी केलंय का?

वाचाताई:

बरेच दिवस वाचनमात्र होते, पण हा विषय रोजच्या कामाचा. मी वाचा-उपचाराचं काम करते, नाशिकमध्येच. नाव-पत्ता विचारू नका, इथे दुकान मांडायचं नाही.

आधी पेरू. पोपट चोच मारलेला पेरू धुऊन, तेवढा भाग कापून मुलाला द्या, पेरू चांगलाच असतो. बोलण्याशी त्याचा संबंध नाही. मध मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको, चाटणातूनसुद्धा नको. मधात कधी कधी बोटुलिझमचे जंतू बीजरूपात असतात, तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात. क्वचित होतं, पण होतं तेव्हा फार वाईट होतं. मोठ्या मुलाला मध चालतो.

आता क चा त. तोंडात काय होतं ते बघा. 'त' म्हणताना जिभेचं टोक दातांना लागतं. 'क' म्हणताना टोक खाली राहतं आणि जिभेचा मागचा भाग वर मऊ टाळूला टेकतो. स्वतः दोन्ही म्हणून बघा. पुढची हालचाल मुलाला सोपी जाते, समोरच्याच्या तोंडाकडे बघून थोडीफार दिसतेही. मागची दिसत नाही. म्हणून मूल मागचे वर्ण पुढे आणून ठेवतं, क चा त, ग चा द, ख चा थ. गोदातीरी, तुमच्या लेकीच्या भाषेत खिडकी 'थिदती' असणार, पैज लावते. स-श साठी जीभ टाळूजवळ नेऊन हवा बारीक फटीतून सोडत राहावी लागते. ते नाजूक काम, म्हणून मूल सरळ दार लावून घेतं आणि 'त' म्हणतं. र आणि ळ सगळ्यात मागून येतात. तुम्ही ज्याला कोष्टक म्हणता ते खरंच कोष्टक आहे. मूल मनाला येईल तसं चुकत नाही, नियमाने चुकतं.

काना मात्रा म्हणतात की मुलाला वाटतं असंच बोलायचं असतं. तसं नाही. १९६० साली जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या अमेरिकी अभ्यासकांनी एका मुलाची गोष्ट नोंदवली. त्याच्याकडे फुगवायचा प्लास्टिकचा मासा होता, त्याला तो 'फिश' न म्हणता 'फिस' म्हणायचा. मोठ्या माणसाने विचारलं, "हा तुझा फिस का?" मुलगा म्हणाला, "नाही, माझा फिस." परत विचारलं, परत नाही. शेवटी "हा तुझा फिश?" म्हटल्यावर तो खूश झाला, "हो, माझा फिस." कान बरोबर ऐकतोय, जीभ अजून तिथे पोचत नाही. तुमच्या घरात करून बघा. तिला 'तुतल' म्हणा आणि काय होतं ते लिहा.

म्हणून "म्हण बघू क, क, क" करून उपयोग नाही, उलट काही मुलं बोलायचीच थांबतात. ती "तुतल तित्ती" म्हणाली की आपण म्हणायचं, "हो गं, कुकरची शिट्टी झाली! चल, गॅस बंद करू." एवढंच. तिचं म्हणणं पोचलं हे तिला कळतं, बरोबर शब्द कानावर पडतो आणि परीक्षा होत नाही.

सासूबाईंबद्दल: सुरात, हळू, शब्द लांबवून बोलणं चांगलंच, बाळं अशा बोलण्याकडे जास्त लक्ष देतात. भूभू, माऊ, चिऊ, मंमं यालाही माझी हरकत नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या बाळांसाठीच ठेवलेले शब्द आहेत आणि तोंडात सहज बसतात. फक्त 'सोन्या'चा 'तोन्या' मुद्दाम करायची गरज नाही. पण त्यामुळे मूल बिघडतं असंही मी म्हणणार नाही. दिवसभर घरात बाकीचे चार जण नीट बोलत असतील तर एका आजीच्या तोन्याने काही होत नाही.

दुसरीतल्या मुलाबद्दल मात्र काना मात्रांशी सहमत. हसण्यावारी नेऊ नका, दाखवून घ्या. क चा त साधारण साडेतीनपर्यंत जायला हवा. र आणि श ला आणखी वेळ लागला तरी चालतं, पण दुसरी म्हणजे उशीर.

गोदातीरी:

वाचाताई, पैज जिंकलात. खिडकी 'थिदती'च आहे!

आणि प्रयोग झाला. रात्री जेवताना नवऱ्याने अगदी साळसूदपणे म्हटलं, "तुतल कुठाय?" तिने घास तोंडात धरून त्याच्याकडे असं बघितलं की बस्स. "तुतल नाई. तुतल!" तो म्हणाला, "हां, तुतल." आता ताटावर हात आपटला, "तुऽतऽल!" मग मी म्हटलं, "अगं बाबा कुकर म्हणतायत." तिने सुटकेचा श्वास सोडला आणि मला म्हणाली, "बाबाला येत नाई."

सासूबाईंनी वाचाताईंचा प्रतिसाद दोनदा वाचून घेतला. 'एका आजीच्या तोन्याने काही होत नाही' हे वाक्य त्यांनी तिसऱ्यांदा माझ्याकडून मोठ्याने वाचवून घेतलं.

निवांत:

"बाबाला येत नाई." संपलो.

आबा नाशिकरोड:

मी प्रेसमधून निवृत्त. नोटांवरची बारीक चूक पकडण्यात उमेद गेली, आता नातवाच्या चुका पकडतो. नातू अडीच वर्षांचा. उच्चार खणखणीत, पण बोलतो बाईमाणसासारखं. "मी आले." "मी दूध प्यायले." "मी बाहेर जाते." दिवसभर आजी आणि आईजवळ असतो, बाप रात्री शिफ्टवरून येतो तेव्हा हा झोपलेला. मी समजावलं, "अरे, मुलगे जातो म्हणतात. म्हण, मी जातो." त्याने विचार केला आणि म्हणाला, "आबा, तुम्ही जातो. मी जाते." वर टाटाही केला.

परवा कटिंगला नेलं तर खुर्चीत बसून न्हाव्याला म्हणतो, "मी हलणार नाही, मी शहाणी आहे." दुकानातली माणसं माझ्याकडे बघायला लागली. यात काळजीचं काही आहे का? सूनबाई म्हणते नाही. मला झोप लागत नाही.

वाचाताई:

आबा, खुशाल झोपा. मराठीत 'मी' म्हटलं तरी क्रियापदावरून बोलणारा पुरुष की बाई ते कळतं. मूल 'मी' हा शब्द ज्याच्या तोंडून जास्त ऐकतं त्याचंच क्रियापद उचलतं. तुमच्या घरात 'मी' म्हणणारी माणसं दिवसभर बायका आहेत. उलटही होतं, आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या मुली "मी आलो" म्हणतात. मुलं शाळेत जायला लागली, बरोबरीच्या मुलांत मिसळली की आपोआप जागेवर येतं. रोज थोडा वेळ तुम्हीच त्याच्याशी बोला: "मी आता चहा पितो. मी पेपर वाचतो. तू काय करतोस?" आणि चुकलं तर टोकू नका.

ओझरकर:

मग हेही सांगून टाका. आमच्याकडे "बाबा येला", "आजी गावाला जाली", "मी तरलं नाही, दादाने तरलं". शेवटच्या वाक्यातला क चा त सोडा, पण 'केलं'चं 'करलं' कुठून आणलं? घरात असं कुणी बोलत नाही. बायको म्हणते माझ्याकडून शिकला. मी शपथेवर सांगतो, माझ्याकडून नाही.

वाचाताई:

तुमच्याकडून नाहीच, बायकोला दाखवा हे. बस-बसला, उठ-उठला, हस-हसला. मुलाने यावरून नियम काढला: पुढे ला-ली-लं लावा, काम झालं. मग ये-येला, जा-जाला, कर-करलं. आला, गेला, केलं ही आपली अनियमित रूपं आहेत, मुलाचं गणित सरळ आहे. गंमत म्हणजे बरीच मुलं आधी ऐकून ऐकून 'आला-गेला' बरोबर म्हणत असतात आणि नियम सापडल्यावर चुकायला लागतात. घरच्यांना वाटतं पोर मागे गेलं. ते पुढे गेलेलं असतं.

बागलाणी:

आम्ही मूळचे सटाण्याकडचे, आता नाशकात. आई-दादा आमच्याजवळच असतात आणि आई घरात अहिराणीच बोलते. मुलगी दीड वर्षाची असताना डोळ्याला 'डोया', डाळीला 'दाय' म्हणायची. बायको माहेरची पुण्याची. ती माहेरी फोनवर हसून हसून सांगायची, "बघा, आमच्या पिल्लूला ळ म्हणता येत नाही!" आईने एकदा ऐकलं. भाजी निवडत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "पोर बराबर बोलस."

बायकोला आधी कळेना. मग माझ्या लक्षात आलं, आईच दिवसभर 'डोया' आणि 'दाय' म्हणते. पोरगी बोबडं बोलतच नव्हती, शुद्ध अहिराणी बोलत होती! आता तीन वर्षांची आहे. आजीला "आठे ये" म्हणते, आईला "इकडे ये" आणि खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला "इधर आ". कुणाशी काय बोलायचं ते तिला कुणी शिकवलेलं नाही.

बायकोच्या एका मैत्रिणीने मात्र घाबरवून ठेवलंय की इतक्या भाषांनी मूल गोंधळतं आणि उशिरा बोलतं. आईला अहिराणी बंद करायला सांगायचं का?

वाचाताई:

मुळीच नाही! एकापेक्षा जास्त भाषांमुळे मूल उशिरा बोलतं असं अभ्यासात आढळत नाही. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांचे मिळून मोजा. आजीला परक्या भाषेत तुटक बोलायला लावलंत तर मुलीचं नुकसान होईल, कारण तिच्याशी भरभरून बोलणारं घरातलं एक माणूस गप्प होईल. (ओझरकर, नुसकान नाही, नुकसान.)

काना मात्रा:

बागलाणी, आईंचं ते एक वाक्य वाचून मी पाच मिनिटं काही टंकलं नाही. बाकी मतावर ठाम आहे.

सिडकोकर:

हसण्याच्या धाग्यावर विरजण घालत नाही, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

आमचा मुलगा दोन वर्षांचा झाला तरी मोजून चार-पाच शब्द. आई, बाबा, भूऽ आणि आणखी एखाद-दुसरा. सगळे सांगायचे, मुलगे उशिराच बोलतात, याचा बापसुद्धा तीन वर्षांपर्यंत मुका होता. मला पटत नव्हतं, कारण मागून हाक मारली तर तो कधी वळायचा, कधी नाही. सासरी म्हणायचे, खेळात रमतो. एकदा मी स्वयंपाकघरातून स्टीलचं पातेलं पाडलं. शेजारचं कुत्रं भुंकलं, हा ब्लॉक्स रचत बसला.

बालरोगतज्ज्ञांनी आधी कानाची तपासणी करायला सांगितली. पडद्यामागे चिकट पाणी साठलेलं निघालं. सारखी सर्दी असायची, त्याचा हा प्रताप. त्याला पाण्यात बुडी मारून ऐकावं तसं ऐकू येत होतं म्हणे. उपचार झाले, नंतर वाचा-उपचाराचे वर्गही केले. आता तो इतका बोलतो की रिक्षात बसल्यावर रिक्षावाले मागे वळून बघतात. अजून र चा ल आहे. मला तो ऐकायला आवडतो, कुणी सुधारायला आलं तर मी भांडते.

वाचाताई:

सिडकोकर, बरं झालं लिहिलंत. हे सगळ्यांनी वाचावं.

बोबडं बोलणं आणि न बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षाच्या सुमाराला मूल बा-बा-दा-दा असे आवाज काढत नसेल, बोट दाखवत नसेल. दीड वर्षापर्यंत एकही अर्थाचा शब्द नसेल. दोन वर्षांपर्यंत 'बाबा भूर', 'दूध दे' अशी दोन शब्दांची जोडणी स्वतःहून करत नसेल. किंवा येत असलेले शब्द कुठल्याही वयात जायला लागले असतील, तर वाट बघू नका. सगळ्यात आधी कान तपासायचे. टाळी वाजवून घरी केलेली परीक्षा पुरेशी नसते, काही मुलांना जाड आवाज ऐकू येतात आणि बारीक येत नाहीत. खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडीत चौकशी करा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, ० ते १८ वयाच्या मुलांची तपासणी त्यांची पथकं करतात आणि पुढे पाठवतात.

उच्चारांसाठी ढोबळ माप: अनोळखी माणसाला दोन वर्षांच्या मुलाचं निम्मं, तीन वर्षांच्याचं पाऊण आणि चार वर्षांच्याचं जवळजवळ सगळं बोलणं कळावं. अनोळखी माणसाला, हे महत्त्वाचं. आईला तर सगळंच कळतं, आईचा कौल धरायचा नाही.

पंचवटीच्या सूनबाई, कपाटाची किल्ली पदरालाच असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, दोनपासून चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाच्या वर नको, कमी तितकं बरं. मोबाईल बोलतो, पण मुलाने उत्तर दिलं तर थांबून ऐकत नाही.

पंचवटीची सून:

किल्ली आहे. मुलगा आता सासूबाईंच्या पदराला 'मोबाईल' म्हणतो.

निवांत:

एक शंका. भाचा तीन वर्षांचा, आधी छान बोलायचा, आता "मी मी मी मी आज आज" असं अडखळतो. ताई काळजीत आहे, सारखी म्हणते "सावकाश बोल, श्वास घे".

वाचाताई:

दोन ते पाच वयात हे बऱ्याच मुलांचं होतं. सांगायचं खूप असतं, जीभ मागे पडते. ताईला म्हणावं, "सावकाश बोल" बंद कर, तूच सावकाश बोल आणि त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू दे. काही महिने होऊनही कमी झालं नाही, किंवा तो बोलताना डोळे मिटतो, चेहरा ताणतो, बोलायचं टाळतो असं दिसलं, तर लगेच दाखवा.

गोदातीरी:

धागा वर काढते, कारण घडामोडी आहेत.

'क' आला! कुणी शिकवला नाही. सकाळी दात घासताना गुळण्या करायला लागली, घशात पाणी घोळवून खळखळ आवाज काढायचा नवा छंद. त्याच दिवशी दुपारी एकदम, "काकदी." मी हातातलं टाकून धावले. परत म्हणायला लावलं नाही हं वाचाताई, जीभ चावून गप्प बसले. आतल्या खोलीतून आबोजा ओरडले, "ऐकलंस का!"

आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. आता तिला हा आवाज इतका आवडलाय की जिथे त आणि द आहेत तिथेही तिने क आणि ग बसवलेत. दही म्हणजे 'गही'. ताट म्हणजे 'काट'. जावेचा मुलगा नववीत आहे, नुकती मिसरूड फुटलीय, कॉलनीत जरा रुबाब आहे त्याचा. त्याला ही गॅलरीतून सगळ्या मित्रांसमोर हाक मारते, "गागाऽऽ!" तो आता मागच्या गेटने क्लासला जातो.

स चा त अजून आहे तसाच. सासूबाई "माज्या तोन्या" म्हणाल्या तर हिने चक्क त्यांना थांबवलं, "आजी, तोन्या नाई. तोन्या." सासूबाई म्हणाल्या, "बरं बाई, सोन्या." तेव्हा कुठे मांडीवर बसली.

ओझरकर:

गागाला आमचा मानाचा मुजरा. आमच्या मिवानाचं अजून विमान झालेलं नाही आणि खरं सांगायचं तर मला घाई नाही.

वाचाताई:

नवा वर्ण हाती आला की मुलं तो सगळीकडे लावून बघतात, थोड्या दिवसांत ज्याची त्याची जागा ठरते. गुळण्यांचं मस्तच, घशाचा मागचा भाग असा खेळात वापरला गेला की फायदाच. दादाला म्हणावं, कळ काढ.

काना मात्रा:

नात्यातल्या त्या दुसरीतल्या मुलाला परवा दाखवलं. वाचाताईंचा प्रतिसाद मीच त्याच्या वडिलांना पाठवला होता. आठवड्यातून दोनदा वर्ग सुरू झालेत. त्याला घरी करायला दिलेल्या सरावाचा कागद मी वाचला, त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत. बोललो नाही.

आबा नाशिकरोड:

आमच्याकडचा अहवाल. वाचाताईंनी सांगितल्याप्रमाणे रोज सकाळी नातवाला समोर बसवून "मी चहा पितो, मी पेपर वाचतो, मी चष्मा लावतो" असं चालू ठेवलं. शेजारी विचारतात, आबांना काय झालंय. पण गुण आला. काल तो पायात माझ्या चपला घालून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मी भाजी आणायला जातो." मी हर्षभराने बायकोला बोलावलं. तो तिच्याकडे वळून म्हणाला, "आजी, तू पण येतो का?"

बायको म्हणाली, "येतो की. पिशवी घेतो आणि येतो." आता दोघंही तसंच बोलतात आणि मी एकटाच घरात व्याकरण सांभाळून आहे.